शेजाऱ्यांची भांडणं लावणारं झाड, ज्याच्यामुळे ब्रिटनला कायदा करावा लागला

झाडावरून शेजाऱ्याशी भांडण आपल्याला नवीन नाही. कधी पानांचा कचरा, कधी अंगणात आलेली फांदी. पण ब्रिटनमध्ये ही भांडणं थेट संसदेपर्यंत गेली. झाडाचं नाव लेलँडी.

उत्तर अमेरिकेतल्या दोन सायप्रस झाडांचा १८८८ मध्ये वेल्समधल्या लेटन हॉलच्या बागेत आपोआप संकर झाला आणि हे झाड जन्मलं. बारमाही हिरवं आणि वर्षाला जवळपास १ मीटर वाढणारं. झटपट आडोसा मिळतो म्हणून लोकांनी ते घराला खेटून लावलं. पण ते ३० मीटरपर्यंतही जाऊ शकतं, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीएवढं! शेजाऱ्यांच्या घरात दिवसा अंधार व्हायला लागला.

शेवटी २००३ च्या कायद्यात उंच कुंपणाची तरतूद आली, इंग्लंडमध्ये ती २००५ पासून लागू झाली. सदाहरित झाडांचं कुंपण २ मीटरच्या वर गेलं आणि शेजाऱ्याचा उजेड अडला, तर कौन्सिल छाटणीचा आदेश देऊ शकते.

पण यात दोन मोठ्या पळवाटा आहेत. एकटं झाड या कायद्यात बसत नाही आणि मुळांबद्दल तक्रार करता येत नाही.

घराला खरा धोका तर मुळांचाच. चिकणमाती असेल तर उन्हाळ्यात मुळं पाणी ओढतात, माती आकसते, पाया खचतो आणि भिंतींना तडे जातात. आपल्याकडची काळी मातीही अशीच आकसते आणि फुगते.

मग तोडून टाकायचं का? घराआधीपासून असलेलं मोठं झाड एकदम काढलं, तर माती पुन्हा पाणी धरून फुगते आणि पाया वर उचलला जाऊ शकतो. त्यामुळे आधी इंजिनिअरला दाखवलेलं बरं.

छाटणीतही एक गोम आहे. लेलँडीच्या आतल्या तपकिरी फांद्यांना पुन्हा पालवी फुटत नाही. जोरात छाटलं तर ती बाजू कायमची बोडकी. म्हणून झाड लहान असतानाच शेंडा खुडायचा आणि दरवर्षी हिरव्या भागातच हलकी छाटणी करायची. त्याआधी पक्ष्यांची घरटी बघायची, कारण तिथे वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे.

थोडक्यात, कायदा शेजाऱ्याचा उजेड वाचवतो. घराचा पाया वाचवायचा तर रोप लावतानाच अंतर ठेवावं लागतं.