जनुक धड आहे, पण बंद आहे

जठराचा कर्करोग म्हटले की 'जनुकात बिघाड झाला' एवढे सांगून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात अनेकदा जनुक धड असते. ते नको तेव्हा बंद पडते किंवा गरजेपेक्षा जास्त काम करते. उपचारांच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे.

'सीडीएच-वन' या जनुकावरून ई-कॅडहेरिन हे प्रथिन तयार होते. जठराच्या अस्तरातील पेशींना ते एकमेकींशी बांधून ठेवते. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यानपिढ्या हा कर्करोग होण्यामागे याच जनुकातील आनुवंशिक दोष असल्याचे १९९८ मध्ये सिद्ध झाले. असा दोष फार थोड्या कुटुंबांत असतो. पण आनुवंशिक दोष नसलेल्या अनेक रुग्णांतही या जनुकावर मेथिल हे रासायनिक गट चिकटतात आणि ते मुके होते. मग पेशींची बांधणी सुटते, कर्करोग पसरू लागतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे जठराला वर्षानुवर्षे येणारी सूज याला हातभार लावते. जिवाणूचा नायनाट केल्यावर काहींमध्ये हे गट कमी झालेले आढळले आहेत. म्हणजे हा बदल काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

'हर-टू' जनुकाची तऱ्हा उलटी. काही गाठींत त्याच्या प्रती वाढतात आणि पेशींना वाढीचा आदेश सतत मिळत राहतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टोगा' अभ्यासात तपासलेल्या गाठींपैकी सुमारे २२ टक्के गाठी अशा होत्या. आजार पसरलेल्या या रुग्णांना केमोथेरपीच्या जोडीला ट्रॅस्टुझुमॅब दिल्यावर जगण्याचा मध्यक कालावधी ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेला. आकडा लहान वाटेल. रुग्णाच्या घरच्यांना तो लहान वाटत नाही.

हर-टू वाढलेले नसेल तर या औषधाचा उपयोग नाही. म्हणून आजार पसरलेला असल्यास बायोप्सीच्या तुकड्यावर ही चाचणी उपचार ठरवण्यापूर्वीच व्हायला हवी. मेणात जतन केलेला तुकडा दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. त्यासाठी रुग्णाने शहर गाठण्याची गरज नाही. जिल्हा रुग्णालयांपासून ही साखळी उभारणे आणि चाचणीचा खर्च सरकारी योजनेत धरणे, हे शासनाचे काम आहे.

वाचकांनीही एक पाळावे. वजन घटणे, काळी शौचास होणे, दोन घासांतच पोट भरणे अशी लक्षणे असताना ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिने काढू नयेत. एंडोस्कोपी वेळेत झाली, तर पुढच्या साऱ्या विज्ञानाचा उपयोग.