तळघराची खिडकी

पानिपतच्या रणांत १७६१ सालीं पडलेल्या सदाशिवरावभाऊंचें नांव धारण करणाऱ्या आमच्या पेठेंत जुने वाडे आतां थोडेच उरले आहेत. ज्यांनीं ते पाहिले असतील त्यांस ठाऊक आहे कीं, वाड्याची रस्त्याकडील भिंत खालच्या बाजूस बहुधा आंधळी असे. उजेड व वारा आंतल्या चौकांतून यावयाचा. बाहेर एकच थोरला दरवाजा, त्यास दिंडी, दिंडीस कडीकोयंडा, आणि रात्रीं दरवाज्यामागें लांकडी अडसर. शिवाय ओट्यावर कोणी वृद्ध गृहस्थ खोकत बसलेले असत, आणि तो खोकला पुष्कळ कुलुपांहून अधिक उपयोगी पडे. चोरास आंत यावयाचें तर भिंत फोडण्याची विद्या लागे. मृच्छकटिकांतील शर्विलक तर भगदाडाचें माप आपल्या जानव्यानें घेतो!

आतां वाड्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकीं कित्येकींच्या पोटांत अर्धवट जमिनीखालीं गेलेल्या खोल्या आहेत. कोठें सामान, कोठें दुकान, कोठें स्पर्धापरीक्षांसाठीं परगांवाहून आलेल्या मुलांची अभ्यासिका, आणि कोठें कोठें त्यांचें निजणेंहि तेथेंच. अशा खोलीची खिडकी वाटसरूच्या गुडघ्याशीं येते. चोरास शिडी नको, कीं विद्या नको. खालीं बसून खटपट करणारा मनुष्य उभ्या मोटारींच्या आड कोणास दिसतहि नाहीं. कायद्यासहि फुटलेली भिंत लागत नाहीं. १८६० च्या दंडविधानाप्रमाणें खिडकींतून शिरणें ही घरफोडीच होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंहि ती व्याख्या राखिली आहे.

म्हणून लोक गज बसवितात व निर्धास्त होतात. परंतु गज कापण्यापेक्षां कुजलेली चौकट पहारीनें उचकटणें सोपें. तेव्हां आधीं चौकट पाहावी. गज भिंतींत खोल गेलेले असावे, त्यांचे स्क्रू बाहेरून फिरवितां येऊं नयेत, आणि दोन गजांमधून लहान मुलाचें डोकें जाणार नाहीं इतकेंच अंतर असावें. खिडकीजवळच्या मेजावर मोबाईल व किल्ल्या ठेवणारे विद्यार्थी आम्ही नित्य पाहतों. काठीनें वस्तु ओढून घेणाऱ्यास गजांची अडचण होत नाहीं, हें त्यांस सांगावयास पाहिजे काय?

एवढें झालें तरी आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. जी जाळी कायमची जडविलेली आहे, ती चोरास बाहेर ठेविते तशी निजलेल्यास आंत कोंडते. ज्या खोलीस एकच जिना, त्या जिन्यांत धूर भरला तर खिडकीवांचून मार्ग कोणता? बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाड्याचा कांहीं भाग १८७९ सालीं आगींत जळाला, हें पुण्यास नवें नाहीं. पाण्याचेंहि तसेंच. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय वडील मंडळींनीं सांगितलेला आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्यानें काय केलें तें मुलांनींहि पाहिलें आहे. आणि दिल्लीस जुन्या राजेंद्रनगरांत २७ जुलै २०२४ रोजीं एका शिकवणीवर्गाच्या तळघरांत पावसाचें पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. तें तळघर सामान व वाहनें ठेवण्यापुरतें मंजूर असून तेथें वाचनालय चाललें होतें. त्या दुर्घटनेचा दोष आम्ही गजांवर ठेवीत नाहीं. परंतु तळघरांत पाणी किती त्वरेनें चढतें हें तिनें दाखविलें.

यास्तव ज्या खालच्या खोलींत कोणी बसतें वा निजतें, तेथील जाळीस बिजागऱ्या असाव्या व ती आंतून उघडावी. पालक म्हणतील, चोरहि कांच फोडून हात घालील. घालील खरा, म्हणून कडी कांचेपासून हातभर दूर असावी किंवा तिच्यावर पत्रा असावा. कुलूपच लावणें असेल तर किल्ली अशा खुंटीवर टांगावी कीं, बाहेरचा हात पोहोंचूं नये आणि आंतल्यास अंधारांत चांचपून ती मिळावी. खर्च कोणीं सोसावा यावर घरमालक व भाडेकरू यांचा वाद चालतो. जो निजण्याच्या खोलीचें भाडें घेतो त्यानेंच तो सोसावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पुण्यास पावसाळ्यांत लोखंड लवकर गंजतें. जूनमध्यें शाळा उघडण्याच्या सुमारास बिजागरीस तेल घालण्याचें काम घरांतील मुलांकडे सोंपवावें. आणि त्याच संध्याकाळीं दिवा मालवून, सर्वांत धाकट्याकडून ती जाळी एकदां उघडवून पाहावी.