महामंदी आणि आलिशान मोटारी : सौंदर्याचे बिल कोणाच्या नावे?

ऑगस्ट २०१८. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९३५ सालची एक ड्यूझेनबर्ग मोटार लिलावात २ कोटी २० लाख डॉलरना विकली गेली. एके काळी ती हॉलिवुडचा नट गॅरी कूपर वापरीत असे. या प्रकारच्या अवघ्या दोन मोटारी बनल्या. दुसरी क्लार्क गेबलच्या वाट्याला आली.

असा लिलाव झाला की एक विधान हमखास कानी पडते : महामंदीच्या काळोखातच मोटारकलेचे सुवर्णयुग उमलले. संकटात सौंदर्य फुलते, हे ऐकायला गोड वाटते. इतिहास म्हणून मात्र ते टिकत नाही. त्याच्या जोडीला फिरणारे ‘श्रीमंतांना मंदी नसते’ हे दुसरे विधानही टिकत नाही. हा धागा त्या दोन्ही विधानांविषयी.

आधी आकडे. १९२९ साली अमेरिकेत मोटारी व ट्रक मिळून सुमारे ५३ लाख वाहने तयार झाली. १९३२ साली ती संख्या सुमारे १३ लाखांवर आली. तीन वर्षांत तीन चतुर्थांश उद्योग नाहीसा झाला.

मग सुंदर मोटारी नेमक्या याच वर्षांत कशा अवतरल्या? उत्तर रुक्ष आहे. मोटार कल्पनेतून रस्त्यावर यायला तीन-चार वर्षे लागतात. ड्यूझेनबर्गचे ‘जे’ मॉडेल डिसेंबर १९२८मध्ये लोकांसमोर आले, शेअर बाजार कोसळण्याच्या अकरा महिने आधी. इंजिन आणि चासी एवढ्याचीच किंमत ८,५०० डॉलर. बॉडी निराळी बांधून घ्यायची. त्या सुमारास फोर्डची साधी मोटार ५०० डॉलरच्या आसपास मिळत होती. कॅडिलॅकची सोळा सिलिंडरांची मोटार जानेवारी १९३०मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात झळकली. तिचे आराखडे अर्थातच तेजीच्या दिवसांत काढलेले. म्हणजे मंदीतील हे सौंदर्य तेजीचे, उशिरा जन्मलेले अपत्य होते. मंदीने ते घडवले नाही. मंदीने त्याचे गिऱ्हाईक तेवढे पळवले. कॅडिलॅकच्या त्या मोटारी पहिल्या वर्षी दोन हजारांहून अधिक खपल्या. दशकाच्या मध्यावर हा खप वर्षाला पन्नासच्या आसपास उरला.

श्रीमंतांपैकी अनेकांकडे पैसा शिल्लक होता. पण फुकटच्या सूपसाठी रांग लागलेल्या रस्त्यावरून वीस फुटी मोटार नेण्याचे धैर्य, किंवा निर्लज्जपणा, सर्वांकडे नव्हता. ऐश्वर्याच्या वस्तूला पैशाइतकीच प्रेक्षकांच्या कौतुकाची गरज असते. प्रेक्षकांच्या नजरेत राग आला की तीच वस्तू अंगावर येते.

बफेलो शहरातील पिअर्स-ॲरो कंपनीची कथा या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखी आहे. जानेवारी १९३३मध्ये तिने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘सिल्व्हर ॲरो’ मांडली. किंमत १०,००० डॉलर. एकूण बनल्या पाच. आजही छायाचित्रात ती पाहताना नजर हलत नाही. पण तिची पालक कंपनी होती स्टुडबेकर, आणि तिचे अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किन मंदी लवकरच ओसरेल या ठाम विश्वासावर भागधारकांना नफ्यापेक्षा अधिक लाभांश वाटत राहिले होते. गंगाजळी आटली. प्रदर्शनानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९३३मध्ये, स्टुडबेकरचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या माणसांच्या हाती गेला. १ जुलै रोजी अर्स्किन यांनी आत्महत्या केली. नव्या व्यवस्थापकांनी पिअर्स-ॲरो विकून टाकली आणि स्टुडबेकर वाचवली. पिअर्स-ॲरो १९३८मध्ये कायमची बंद पडली. क्लीव्हलँडच्या पीअरलेस कंपनीने तर मोटारी सोडल्याच. दारूबंदी उठताच तिच्या कारखान्यात बिअर तयार होऊ लागली. (व्यवहारबुद्धीचा हा नमुना मोटारप्रेमींच्या पुस्तकांत बहुधा तळटीपेत सापडतो. तो मुख्य मजकुरात यायला हवा.)

तगले कोण? ज्यांच्या पाठीशी स्वस्त मोटार होती ते. कॅडिलॅकचा तोटा जनरल मोटर्स सोसू शकली, कारण तिच्याकडे शेव्हरोले होती. ज्या मोटारीकडे कॅडिलॅकवाला ढुंकूनही पाहत नसे, तिच्या जिवावर कॅडिलॅकचा दिमाख टिकला.

याच कॅडिलॅकची एक हकिकत पीटर ड्रकर यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना कॅडिलॅक विकायची नाही, असे कंपनीचे धोरण होते. तरीही दुरुस्ती विभागाचे प्रमुख निकोलस ड्रायस्टाट यांना कार्यशाळेत कृष्णवर्णीय मालक भेटत. मुष्टियोद्धे, गायक, डॉक्टर असे हे लोक एखाद्या गोऱ्या माणसाला वर पैसे चारून त्याच्या नावावर मोटार घेत. कॅडिलॅक बंद करण्याची चर्चा चालू असताना ड्रायस्टाट यांनी वरिष्ठांपुढे जाऊन हे गिऱ्हाईक उघडपणे स्वीकारण्याची परवानगी मागितली, आणि धंदा सावरला. ड्रकर यांनी हे पुष्कळ वर्षांनी लिहिले, तेव्हा त्यातील नाट्य थोडे वजा करूनच घ्यावे. तरी एक गोष्ट उरते. दिवाळखोरी दारात उभी असतानाही प्रतिष्ठेचा दरवाजा कोणासाठी बंद ठेवायचा, याची काळजी काही लोकांना अधिक होती.

पॅकार्डने निराळा मार्ग धरला. १९३४मध्ये तिच्या दहा हजार मोटारीही तयार झाल्या नव्हत्या. १९३५मध्ये तिने हजार डॉलरच्या आसपासची ‘वन-ट्वेंटी’ बाजारात आणली आणि १९३७मध्ये कंपनीचे उत्पादन लाखावर गेले. पॅकार्डने नाव बाटवले आणि पुढच्या ऱ्हासाचे बीज पेरले, असे आजही अनेक रसिक हळहळून सांगतात. ही हळहळ अनाठायी आहे. नाव न बाटवलेल्या कंपन्या त्या दशकाअखेर उरल्याच नव्हत्या.

आता या चित्रातील न दिसणारा भाग. मार्च १९२९मध्ये फोर्डकडे सव्वा लाखाहून अधिक कामगार होते. ऑगस्ट १९३१पर्यंत सुमारे ३७ हजार उरले. ७ मार्च १९३२ रोजी, कडाक्याच्या थंडीत, काही हजार बेकार कामगार काम आणि वैद्यकीय मदत मागत डिअरबॉर्न येथील फोर्डच्या रूज कारखान्याकडे निघाले. पोलिसांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. चौघे तेथेच मेले, पाचवा पुढे दगावला. मंदीतल्या मोटारीचा इतिहास लिहिताना सिल्व्हर ॲरोचा वक्राकार मागचा भाग जितक्या बारकाईने वर्णिला जातो, तितक्या बारकाईने ती दुपार क्वचितच वर्णिली जाते.

हिशेबाचे एक पान मराठी वाचकाच्या ओळखीचेही आहे. देशी गिऱ्हाईक आटले, तेव्हा दूरचे राजे उपयोगी पडले. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकेतून ड्यूझेनबर्गची चासी घेऊन लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यात तिच्यावर बॉडी बांधून घेतली. मोटार अप्रतिम आहे, महाराजांची अभिरुचीही वादातीत होती. माणिकबाग राजवाडा याची साक्ष देतो. पण महामंदीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच भारतात शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले होते, आणि सारा रोखीतच भरावा लागे. ती मोटार पाहताना हेही आठवावे.

युरोपात या खेळाचा कळस बुगाटीच्या ‘रोयाल’ने गाठला. इंजिन पावणेतेरा लिटरचे, योजना पंचवीस मोटारींची, गिऱ्हाईक राजेरजवाडे. प्रत्यक्षात तीन विकल्या गेल्या, आणि त्यांतली एकही राजाने घेतली नाही. मॉल्सहाइमच्या कारखान्यात पडून राहिलेली इंजिने एटोर बुगाटी यांनी रेल्वेच्या डब्यांत बसवली. १९३३पासून ती फ्रान्समध्ये प्रवासी वाहू लागली. त्या कामावर कारखाना तगला, आणि ते डबे १९५८पर्यंत धावले.

रोयालपैकी दोन पुढे म्युलूझ येथील लोकर-गिरण्यांचे मालक श्लुम्फ बंधू यांच्याकडे आल्या. त्यांनी एका जुन्या गिरणीत शेकडो मोटारींचा गुप्त संग्रह केला होता. १९७०च्या दशकातील मंदीत गिरण्या बुडाल्या आणि बंधू स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च १९७७मध्ये कामगार त्या इमारतीत घुसले, आपली मजुरी कोठे गेली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, इमारतीला ‘कामगारांचा कारखाना’ असे नाव दिले आणि सुमारे दोन वर्षे ती ताब्यात ठेवून सर्वांना पाहण्यासाठी खुली केली. तो संग्रह आज सार्वजनिक संग्रहालय आहे. त्याच शहरातील रेल्वे संग्रहालयात बुगाटीचा एक रेल्वेडबाही जपलेला आहे.