डिंगोरे ते दिल्ली: शिडीच्या हरवलेल्या मधल्या पायऱ्या

१/८
ओतूर परिसरातील डिंगोरे गावचा मतदार पाच संस्थांसाठी मतदान करतो: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा. नेतृत्व याच क्रमाने घडत जाते, असा आपला समज आहे. या भागाचा लोकसभेचा इतिहास तपासला, तर तो समज टिकत नाही.

२/८
ही शिडी महाराष्ट्राने विचारपूर्वक उभारली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. शाळा, रस्ते, आरोग्य केंद्रे यांचा कारभार निवडून आलेल्यांच्या हाती गेला. ग्रामीण कार्यकर्त्याला राज्यकारभार शिकण्याची शाळाच मिळाली.

३/८
जुन्नर पूर्वी खेड लोकसभा मतदारसंघात होते. तेथून १९७७ मध्ये निवडून आलेले अण्णासाहेब मगर हे पिंपरी-चिंचवड नगरपालिकेचे पहिले नगराध्यक्ष. १९८९ मध्ये जनता दलातर्फे विजयी झालेले मंचरचे किसनराव बाणखेले त्यापूर्वी आंबेगावचे आमदार होते. १९९६ चे खासदार निवृत्तीशेठ शेरकर यांची ओळख विघ्नहर सहकारी साखर कारखान्याची. नगरपालिका, विधानसभा, सहकार: वाटा तीन, पण तिन्ही स्थानिक संस्थांमधूनच जाणाऱ्या.

४/८
२००४ पासून चित्र पालटले. त्या वर्षी खेडमधून, आणि पुनर्रचनेनंतर २००९ व २०१४ मध्ये शिरूरमधून, उद्योजक म्हणून नावारूपास आलेले शिवाजीराव आढळराव पाटील विजयी झाले. २०१४ चे मताधिक्य तीन लाखांहून अधिक होते. २०१९ मध्ये त्यांचा ५८ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला तो नारायणगावच्या डॉ. अमोल कोल्हे यांनी. दूरचित्रवाणीवरील शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्या भूमिकांमुळे ते घराघरांत पोहोचले होते. २०२४ मध्येही निकाल तोच लागला.

५/८
उलट बाजूही पाहावी. आशा बुचके जिल्हा परिषदेवर वारंवार निवडून आल्या. पण २०१४ मध्ये शिवसेनेच्या उमेदवार म्हणून आणि २०१९ मध्ये अपक्ष म्हणून जुन्नरची विधानसभा त्यांना लाभली नाही. २०१४ मध्ये येथून जिंकलेले शरद सोनवणे हे मनसेचे राज्यातील एकमेव आमदार ठरले. खालची पायरी भक्कम असली, तरी वरची मिळेलच असे नाही.

६/८
यात मतदाराची चूक शोधणे अन्यायाचे होईल. संसदेत प्रभावी बोलणारा प्रतिनिधी कोणत्याही क्षेत्रातून येऊ शकतो, आणि जिल्हा परिषदेत काही काळ घालवल्याने कोणी आपोआप लायक ठरत नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्याच्याकडे उद्योग, कारखाना वा प्रसिद्धी नाही, अशा कार्यकर्त्याने आपले काम लोकांपुढे सिद्ध करावे तरी कोठे?

७/८
उत्तर होते: पंचायत समिती व जिल्हा परिषद. पण मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हावी, असे घटनेचे कलम २४३-ई सांगते. ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात ती लांबत राहिली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. दरम्यान २०२४ मध्ये डिंगोऱ्याच्या मतदाराने खासदार निवडला, आमदारही निवडला. शाळेच्या गळक्या छताविषयी जाब विचारावा असा जिल्हा परिषद सदस्य मात्र त्याला नव्हता.

८/८
खासदार कोठून आला, याची चर्चा आपण दर पाच वर्षांनी करतो. पुढचा खासदार जिथे घडू शकला असता, त्या पायऱ्या रिकाम्या ठेवल्याचा हिशेब कोणी मागत नाही. घराणे, पैसा आणि पडदा यांच्या पलीकडचे नेतृत्व हवे असेल, तर मागणीची सुरुवात दिल्लीच्या उमेदवारीपासून न करता जिल्हा परिषदेच्या वेळेवर होणाऱ्या निवडणुकीपासून करावी लागेल.