गावकीची भांडी, संगणकाची!

मुलांनो, पूर्वी भोंगवलीसारख्या गावात लग्न निघालं, की मोठाले हंडे-पातेली विकत कोण घेणार? गावकीची भांडी आणायची. संगणकाच्या जगातही अशी गावकी आहे, बरं का!

प्रोग्रॅम लिहिणारे सगळंच नव्याने लिहीत बसत नाहीत. नेहमी लागणारे तयार तुकडे एकत्र बांधतात. त्याला म्हणतात 'लायब्ररी'. ती सर्वांसाठी सार्वजनिक कोठारात ठेवतात. पायथॉन या संगणकभाषेचं असं कोठार म्हणजे 'पायपीआय'. आपल्या पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' गटाने मराठीसाठी 'महाएनएलपी' ही लायब्ररी तिथे ठेवली आहे. मराठी वाक्यातला सूर आनंदाचा की नाराजीचा, त्यात माणसाचं नाव कोणतं, गावाचं कोणतं, हे ओळखायला ती मदत करते. एका ओळीची आज्ञा द्या, फुकट मिळते!

पण कोठाराचे नियम कडक. दुसऱ्याने घेतलेलं नाव चालत नाही. चूक दुरुस्त केलीत, तर नव्या क्रमांकाची आवृत्ती काढायची. जुनीच फाईल गुपचूप बदलता येत नाही.

एवढी कडक शिस्त कशाला? ऐका. मार्च २०१६ मध्ये 'एनपीएम' या जावास्क्रिप्टच्या कोठारातून एकाने वादापायी आपल्या लायब्रऱ्या काढून घेतल्या. त्यातली 'लेफ्ट-पॅड' अवघी ११ ओळींची! पण तिच्यावर विसंबलेली हजारो कामं अडली. भर पंगतीत पातेलं उचलून नेल्यासारखंच झालं! मग एनपीएमने काढून घेण्याचे नियम कडक केले.

उद्या तुम्हीही अशी लायब्ररी लिहाल. ती जरूर सर्वांना द्या. मात्र देण्याआधी नीट तपासा, आणि दिल्यावर तिच्यावर विसंबणाऱ्यांची आठवण ठेवा.