चौदावा किलोमीटर

दोन वर्षांपूर्वी कुणी मला सांगितलं असतं, की तू डोंगरातून एकवीस किलोमीटर पळणार आहेस, तर मी म्हटलं असतं, 'ज्यांना घरी कामं नाहीत त्यांचे हे धंदे!' आणि परवा तेच केलं. सोबत मैत्रीण होती. तिचं नाव लिहीत नाही, पण बाकी सगळं लिही, असं तिनंच बजावलंय.

पहाटे पाचला एकटीनं बाहेर पडायचं म्हटलं, तर आमच्या घरात कुणी 'नको' म्हणालं नाही. पण 'जा' असंही कुणी म्हणालं नाही. 'ती येतेय सोबत' म्हटल्याबरोबर प्रश्न मिटला. तिच्या घरी माझं नाव सांगून तिनंही तेच केलं. मग वाईहून पसरणी घाटात आमचा रविवारचा सराव सुरू झाला. सुरुवातीला पंजाबी ड्रेसवरच बरं का! ओळखीचं कुणी दिसलं की पळणं थांबवून चालायला लागायचं.

आमच्या जिल्ह्याला पळणं नवीन नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचली. साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात होते. पण ती डांबरी रस्त्यावर. आमची स्पर्धा लहान होती आणि पायवाटेवरची. शेताचे बांध, ओढे, निसरडा चिखल, मुरूम, आणि वर पठारावर सोनकीची पिवळी फुलं. चढावर ती माझ्या पुढे होती. खरं तर तिचाच दम मोठा.

उतार लागला आणि ती मागे पडू लागली. मला वाटलं, गुडघा दुखतोय. पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी ती ग्लास घ्यायची आणि सगळं पाणी स्वतःच्या अंगावर ओतून घ्यायची. म्हटलं, उकडत असेल. चौदाव्या किलोमीटरला ती मटकन खालीच बसली. ओठ सुकलेले, पोटऱ्यांत गोळे.

"अगं, पाणी पी ना! नुसतं अंगावर काय ओततेस?"

"प्यायले तर जास्त होईल," ती म्हणाली. आणि मग एकदम रडायलाच लागली.

धाकट्याच्या बाळंतपणापासून, म्हणजे अकरा वर्षं, खोकलं, शिंकलं, धावलं की तिला थेंब थेंब लघवी होते. उतारावर तर प्रत्येक पावलाला. ओलं दिसू नये म्हणून ती अंगावर पाणी ओतत होती. आदल्या संध्याकाळपासून ती पाण्याचा घोटही प्यायली नव्हती. नवऱ्याला, बहिणीला, मला, कुणालाच तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. "अंग बाहेर यायला लागलंय की काय, या भीतीनं डॉक्टरकडेही गेले नाही गं."

मी तिला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, थोडं थोडं. पोटऱ्या चोळल्या. एवढं झाल्यावर मग मीही माझं सांगितलं. मला पळताना होत नाही, पण हसू आवरलं नाही की होतं. दोघी तिथंच चिखलात बसून हसलो. व्हायचं ते झालंच!

नंतर मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. अंग वगैरे काही बाहेर आलेलं नव्हतं. मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू गरोदरपणात आणि बाळंतपणात ताणले जातात, पाळी जाताना आणखी सैल होतात. सिझेरियन झालेल्यांनाही हे होऊ शकतं. त्यावरचा व्यायाम डॉ. अर्नोल्ड केगल यांनी अमेरिकेत १९४८ सालीच सांगून ठेवलाय. लघवी अडवताना जे आवळतो ते स्नायू आवळायचे, पाच आकडे मोजायचे, पूर्ण सैल सोडायचे. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. बऱ्याच जणींना एवढ्यानं फरक पडतो. नाही पडला, दुखत असेल, रक्त दिसलं किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटलं, तर तपासून घ्यायचंच. पाणी कमी पिणं हा मात्र उपाय नव्हे. त्यानं लघवी दाट होते, जळजळ होते, आणि डोंगरात काय होतं ते मी पाहिलंय.

'बाळंतपणानंतर व्हायचंच असं' म्हणून आपण हे पदराआड ठेवतो. बाळाची लस कधी, हे आपल्याला तारखेसह सांगतात. आईच्या या स्नायूंबद्दल मला तरी दोन्ही बाळंतपणांत कुणी अवाक्षर काढलं नाही. आशाताई आणि नर्सबाई घरी येतात, तेव्हा त्यांनी हा एक प्रश्न विचारला तर बायका बोलतील. विचारल्याशिवाय आपण बोलत नाही, हे मी अकरा वर्षांच्या मैत्रीत शिकले.

शर्यत आम्ही पुरी केली. उतारावर चाललो, चढावर पळालो, तीन तास बावन्न मिनिटं. मुदत चार तासांची होती. एकवीस किलोमीटरच्या त्या वाटेवर बायकांसाठी एकही आडोसा नव्हता, हे आयोजकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आजवर कुणी मागितलाच नाही."

पुढच्या वर्षीचा फॉर्म आलाय. त्यात रक्तगट विचारलाय, टी-शर्टचं माप विचारलंय. शेवटी 'काही सूचना' म्हणून दोन ओळी मोकळ्या आहेत. मैत्रिणीनं त्या दोन्ही भरून, मागच्या बाजूलाही लिहिलंय.