आकृती हलली, पुढे काय?

मंडळी, फळ्यावरच्या आकृतीची एक खोड असते, ती जागची हलत नाही. त्यामुळे मुलं प्रमेय पाठ करतात ते त्या एकाच आकृतीचं. परीक्षेत आकृती जरा तिरकी आली, अक्षरं बदलली, की हुशार पोरंही गडबडतात. वर्षानुवर्षं पाहिलंय मी हे.

'जिओजेब्रा'ने ही अडचण बरीच दूर केली. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना हे काम सुरू केलं. आज ते मोबाइलवर फुकट मिळतं. एक वर्तुळ काढा, त्यात जीवा काढा. वर्तुळावर एक बिंदू घेऊन जीवेच्या दोन्ही टोकांना जोडा. आता तो बिंदू वर्तुळावरून सरकवा. कोन ५० अंशांचा असेल तर ५०च राहतो... आणि जीवेचं टोक ओलांडलं की एकदम १३०! दोन्हींची बेरीज १८०. चक्रीय चौकोनाचं प्रमेय मुलांना असं स्वतःच सापडतं.

पण माझ्या दोन अटी आहेत. पहिली, बिंदू मुलाने सरकवायचा, आणि त्याआधी काय होईल ते वहीत लिहायचं. सरांनी मोठ्या पडद्यावर हलवायचं आणि वर्गाने बघायचं, हा नुसता सिनेमा झाला.

दुसरी, त्यानंतर सिद्धता हवीच. "दिसतंय की, मग सिद्ध कशाला करायचं?" असं हल्ली ऐकू येतं. अहो, दोनच दशांश स्थळं दाखवणाऱ्या पडद्यावर ८९.९९८ सुद्धा ९०च दिसणार! शिवाय वर्तुळावर बिंदू अनंत, आपण सरकवून पाहणार किती? केंद्र तिन्ही बिंदूंना जोडलं की समद्विभुज त्रिकोण मिळतात. त्यांच्या बाह्यकोनांवरून आपला कोन केंद्रावरच्या कोनाच्या निम्मा ठरतो. बिंदू जीवेच्या एकाच बाजूला फिरला तर केंद्रावरचा कोन बदलत नाही, मग हा तरी कसा बदलेल? चार ओळींत सगळ्या जागांचा निकाल!

"सर म्हणतात म्हणून खरं" हे भूमितीच्या तासाला चालत नाही. "मोबाइल दाखवतो म्हणून खरं" हेही तिथे चालू देऊ नये. पुढे आयुष्यात पोरांना याचाच उपयोग जास्त.

असो. तुमच्या घरी नववी-दहावीतलं कुणी असेल तर हा बिंदू त्याला फिरवायला द्या. आणि लगेच विचारा, "असं का?" काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा.